चार परसांची विहीर, दिसायला तीन

बीड जिल्ह्यात भर उन्हाळ्यात सगळ्यात जास्त पाणी कुठं असतं, असं कुणी विचारलं तर खुशाल सांगावं: डांबरी रस्त्यावर. धरणाचा आकडा मृतसाठ्यात गेलेला असतो, बिंदुसरेच्या पात्रात पोरांनी स्टम्प रोवलेले असतात, गावोगावच्या हातपंपांचे दांडे नुसतेच खडखडत असतात. पण गेवराईकडून बीडला येणारा धुळे-सोलापूर महामार्ग एप्रिलच्या दुपारी दोन वाजता काठोकाठ भरलेला असतो. समोर शेदोनशे मीटरवर तळं लखलखतंय, त्यात पलीकडून येणाऱ्या ट्रकचं उलटं प्रतिबिंब हलतंय. त्याच तळ्यातून एखादा टँकर निघतो आणि चाकं कोरडीठाक ठेवून आपल्या शेजारून निघून जातो. आपण पुढं जावं तसं तळंही पुढं सरकतं. या तळ्यावरून टँकर भरल्याची बिलं अजून कुठं निघालेली नाहीत, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

या पाण्याची आपण फार बदनामी केली आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११० चा, म्हणजे इसवी सन ११८८ चा मानतात. वेदान्त मराठीत यायला लागला तो तेव्हापासून. आणि वेदान्त आला की दोरीवरचा साप, शिंपल्यावरची चांदी आणि मृगजळ ही तीन उदाहरणं मागोमाग येतातच. आजही सप्ताहात कीर्तनकार बुवा मृगजळावर आले की पहिल्या रांगेतले म्हातारे माना डोलवायला लागतात, कारण पुढं काय येणार हे त्यांना चाळीस वर्षांपासून पाठ असतं.

बुवांचा पूर्ण मान ठेवून सांगतो, मृगजळाला दोरीवरच्या सापाच्या पंगतीला बसवणं मला काही पटत नाही. अंधारात दोरीवर दिसलेल्या सापाचा मोबाईलवर फोटो काढा, फोटोत दोरी येईल. मृगजळाचा फोटो काढा, फोटोत मृगजळ येतं. मोबाईलला माया लागत नाही आणि तहानही लागत नाही. म्हणजे त्या जागेवरून काहीतरी खरोखरच येतंय. काय येतंय? आकाश. रस्त्यावर जे चकाकतं ते शंभर टक्के खरं आकाश असतं. पाणी तेवढं आपण आपल्या पदरचं घालतो.

आणि हरणांची तर अब्रूच घालवली आपण. ती म्हणे या पाण्यामागं ऊर फुटेस्तोवर धावतात. पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांसाठी राखलेलं अभयारण्य आहे, त्या माळांवर हरणंही असतात. तहान लागली की ती पाणवठ्यावर येतात, पाणी पितात आणि जातात. रस्त्यावरच्या तळ्यात तोंड घालायला आलेलं हरीण पाहिल्याचं आजवर एकाही गुराख्यानं मला सांगितलेलं नाही.

आता हे आकाश रस्त्यावर उतरतं कसं, ते पाहू. यासाठी एक बैलगाडी लागेल. पाऊस पडून गेलाय, रस्ता कठीण आहे आणि बाजूच्या काळ्या रानाचा चिखल झालाय. गाडी रस्त्यावरून सरळ काटकोनात रानात घातली तर दोन्ही चाकं एकदम रुततात. गाडी हळू होते, पण वाट सोडत नाही. तीच गाडी तिरकी घातली तर आधी एक चाक चिखलात जातं. ते अडखळतं, दुसरं अजून रस्त्यावर पळत असतं, आणि गाडीवानानं कासरा ओढला नसतानाही गाडी रानाच्या बाजूला वळते. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना वाकतो तो असाच. हवेत त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ तीन लाख किलोमीटर, पाण्यात सव्वादोन लाख, काचेत साधारण दोन लाख. वेग बदलतो म्हणून वाट बदलते. बांधावरच बदलते, पुढं पुन्हा सरळ.

उलटा प्रवासही बघून घ्या. चिखलातून गाडी तिरकी रस्त्यावर चढू लागली की जे चाक आधी बाहेर येतं ते मोकळं होऊन पळायला लागतं आणि गाडी रस्त्याच्या कडेशी समांतर होऊ बघते. फारच तिरकी असेल, तर ती रस्त्यावर चढतच नाही; चढायच्या आधीच वळून पुन्हा रानात. प्रकाशाच्या बाबतीत याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. दहावीला हे दोन मार्कांसाठी पाठ केलेलं असतं आणि अकरावीत गेल्यावर सोडून दिलेलं असतं.

एप्रिलमधल्या डांबरी रस्त्यावर हेच घडतं. डांबर इतकं तापतं की अनवाणी पाय टेकवत नाही. त्याला चिकटलेली हवा तापून विरळ होते, आणि विरळ हवेत प्रकाश किंचित जास्त वेगानं जातो. किंचित म्हणजे किती? आपल्या नेहमीच्या हवेचा अपवर्तनांकच, म्हणजे पोकळीच्या मानानं प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा, १.०००३ च्या आसपास असतो. वरची हवा आणि रस्त्यालगतची हवा यांतला फरक पाचव्या दशांश स्थळावर कुठंतरी. एवढ्याशा फरकानं प्रकाश मागं वळायचा असेल तर तो रस्त्याला जवळजवळ चाटूनच यायला हवा, अर्ध्या अंशापेक्षाही कमी तिरकेपणानं. म्हणून हे तळं कधी पायाशी येत नाही. तो अर्ध्या अंशाचा हट्ट त्याला कायम दूर ठेवतो. डोळा जितका खाली, तितकं पाणी जवळ. मोटारसायकलच्या टाकीवर बसवलेलं पोरगं ओरडतं, “पप्पा, पाणी!” तेव्हा त्याला ते पप्पांच्या आधी आणि पप्पांपेक्षा जवळ दिसत असतं. पप्पा म्हणतात, “गप बस.” शास्त्र पोराच्या बाजूनं आहे.

नेपोलियनची फौज १७९८ साली इजिप्तच्या वाळवंटात उतरली तेव्हा शिपायांना सगळीकडं तळी दिसायला लागली आणि ते हैराण झाले. त्यांच्याबरोबर गास्पार मोंझ नावाचा गणिती होता. त्यानं तिथंच या प्रकाराचा उलगडा मांडला: तापलेली वाळू, विरळ हवा, वळलेला प्रकाश. शिपायांची तहान त्यानं भागली नाही, पण निदान आपण कशाकडं चाललोय हे कळलं. आपल्याकडं दुष्काळाच्या पाहणीला येणाऱ्या पथकांत अजून गणिती घेत नाहीत. घ्यायला हरकत नसावी.

मला या सगळ्यात मौज वाटते ती डोळ्याची. डोळ्याची श्रद्धा एकाच गोष्टीवर: प्रकाश सरळ येतो. कुठून वळसे घालून आलाय, किती बांध ओलांडलेत, वाटेत कुणी परतवलं का, याची चौकशी तो करत नाही. ज्या दिशेनं शेवटचं पाऊल पडलं, त्याच दिशेला नाकासमोर रेष ओढतो आणि तिच्या टोकाला वस्तू ठेवून मोकळा होतो. प्रकाशानं नियम पाळलेला असतो, वस्तू आपल्या जागी असते, आणि डोळासुद्धा खोटं बोलत नाही. तरीही पाहणी चुकते. खोट कुणाची म्हणायची? आमच्याकडं अशा प्रकरणात पंचनामा होतो आणि सही करायला कुणी पुढं येत नाही.

रस्त्यावरच्या पाण्यापेक्षा विहिरीतलं पाणी जास्त फसवतं, हे मात्र बुवा कधी सांगत नाहीत. आमच्याकडं विहिरीची खोली जुनी माणसं परसांत सांगतात. परस म्हणजे पुरुषभर उंची. विहिरीत चार परस पाणी असेल आणि तुम्ही काठावरून सरळ खाली पाहिलंत, तर तळ तीन परसांवर दिसतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३; म्हणजे दिसणारी खोली खऱ्या खोलीच्या पाऊण पट. हिशेब इतका चोख, की पाण्यानं परसाचं माप डोळ्यासमोर ठेवूनच हा आकडा ठरवला असावा. तिरकं पाहिलं तर तळ आणखी वर येतो. म्हणजे पायऱ्यांवर बसलेल्या, पोहता न येणाऱ्या आणि अजून उडी मारू की नको असं करणाऱ्या पोराला विहीर सगळ्यात उथळ दिसते. निसर्गाच्या योजनेत इतर ठिकाणी शहाणपण असेल, इथं ते नाही.

बादली विहिरीत पडली की हेच पुन्हा कळतं. कळशी, बादली काढायला गळ असतो, लोखंडी आकड्यांचा झुबका. तळाशी बादली स्वच्छ दिसतेय, दोर सोडतोय, सोडतोय आणि गळ काही टेकत नाही. काठावर जमलेल्या मंडळींपैकी प्रत्येकाचं मत असतं. कुणी म्हणतं दोर आखूड आणलास, कुणी म्हणतं हात लांब कर. पाण्यातला दोर दिसणाऱ्या खोलीपेक्षा तिसऱ्या हिश्शानं जास्त लागतो, हे सांगणारा कुणी नसतो. पण अनुभव असतो. विहिरीवर पोरं पोहायला उतरायची तेव्हा एक म्हातारबाबा बाभळीखाली बसून दर वेळी तेच सांगायचे: “पोरांनो, दिसतंय तेवढ्यावर जाऊ नका. हाय त्याहून लई खोल हाय.” त्यांनी प्रकाशाच्या वाकण्याचा स्नेलचा नियम वाचलेला नव्हता.

तसा तो नियम स्नेलनंही नीट छापला नव्हता. नेदरलँड्सच्या या गणितज्ञाला तो १६२१ मध्ये सापडला, पण त्यानं प्रसिद्ध केला नाही. १६३७ मध्ये देकार्तनं छापला, म्हणून फ्रान्समध्ये त्याला देकार्तचं नाव. आणि या दोघांच्याही साडेसहाशे वर्षं आधी, ९८४ च्या सुमारास, बगदादमध्ये इब्न साहल यानं भिंगांवर लिहिताना हाच नियम भूमितीनं मांडलेला होता. त्याचं नाव मात्र नियमाला सहसा लागत नाही. मालकी कुणाची आणि उताऱ्यावर नाव कुणाचं, हा घोळ फक्त जमिनीतच होतो असं नाही.

आता विहिरीत उतरून खालून वर बघा. चष्मा न लावता डोळे उघडले तर सगळं पुसट दिसतं, आणि त्याला कारण आहे. डोळ्याची प्रकाश वाकवण्याची दोन तृतीयांश ताकद बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्यावर, हवा आणि डोळा यांच्या सीमेवर असते. पाण्यात हवेची ती सीमाच राहत नाही, डोळ्याचा पडदा आणि पाणी प्रकाशाला जवळजवळ सारखेच. त्यामुळं प्रकाश पुरेसा वाकत नाही आणि नजर जुळत नाही. पोहण्याचा गॉगल लावला की डोळ्यापुढं पुन्हा हवा येते, आणि मग जे दिसतं ते बघण्यासारखं असतं. सगळं आभाळ, विहिरीचा काठ, काठावरची बाभूळ, बाभळीखालचे म्हातारबाबा, सगळे डोक्यावरच्या एका गोल खिडकीत येऊन बसलेले असतात. क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं जग सत्त्याण्णव अंशांच्या शंकूत. त्या खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरसा होतो. त्यात विहिरीच्याच दगडी भिंती आणि आपलेच हलणारे पाय दिसतात. पाण्यातून वर जाणारा प्रकाश साधारण साडेअठ्ठेचाळीस अंशांहून जास्त तिरका आला, की त्याला हवेत जायची परवानगी नाही. चिखलातली गाडी पुन्हा रानात.

बीड शहराबाहेर सोलापूर रस्त्याच्या बाजूला खजाना विहीर आहे. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात, सलाबतखानानं ती बांधवली, आणि कारागिरी राजा भास्कर याची असं सांगतात. दोन बोगद्यांतून पाणी आत येतं आणि तिसऱ्या मोठ्या बोगद्यातून शेतीकडं जातं. दुष्काळातही हिची पातळी हलत नाही अशी तिची ख्याती. तिच्या काठावर उभं राहून आत वाकून पाहणाऱ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं: “फार काही खोल नाही.” चारशे वर्षांहून जास्त काळ लोक हे म्हणत असणार, आणि इतकी वर्षं पाणी त्यांना पाऊण पटच सांगत आलंय. अर्थात दिसणारी खोली मोजायला आधी खरी खोली असावी लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात केज तालुक्यातलं मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तेव्हा धरणाचा तळ जिथं होता तिथंच दिसत होता. प्रकाशाला वाकायला जागाच उरली नव्हती.

विहिरीतला तो आरसा आता रस्त्याकडेनं पुरलेलाही आहे. गावोगाव चर खोदून ज्या केबल टाकल्या, त्यांच्या आत केसासारखी काच असते, आणि त्या काचेत शिरलेला प्रकाश भिंतीला तिरका आपटत, दर वेळी आत परतत, मैलोन्‌मैल जातो. नरिंदरसिंग कपानी या पंजाबात जन्मलेल्या शास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात हे काम केलं. प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या वेगानं ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत पोचतो. चर बुजवायचं काम त्यानंतर सुरू होतं, ते वेगळ्या गतीनं चालतं.

परतणाऱ्या प्रकाशाचं सगळ्यात देखणं रूप मात्र बीडच्या कंकालेश्वराला पाहावं. हे जुनं दगडी देऊळ चौरस कुंडाच्या मधोमध उभं आहे, आत जायला छोटा पूल. महाशिवरात्रीला इथं जत्रा भरते. पाणी असलं आणि वारा नसला, की एक देऊळ वर आणि एक खाली. इथं फोटो काढायला येणाऱ्या पोरांकडं लक्ष देऊन बघा. नवखा पोरगा काठावर उभा राहतो, पायाखालच्या पाण्यात बघतो आणि त्याला शेवाळ, निर्माल्य आणि कुणाची तरी चप्पल दिसते. मुरलेला पोरगा गुडघ्यावर बसतो, फोन पाण्याला टेकवतो, आणि त्याला अख्खं देऊळ मिळतं. दोघंही बरोबर आहेत. पाण्यावर सरळ वरून पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम दोन टक्के परततो, बाकीचा आत जाऊन तळाची खबर आणतो. तिरकेपणा वाढला की परतणारा वाटा वाढत जातो, आणि पाण्याला चाटून येणारा प्रकाश जवळजवळ सगळाच परततो. तेच पाणी, त्याच वेळी, एकाला चप्पल दाखवतं आणि एकाला शिखर. देवळात कुणाला काय दिसावं याबद्दल बुवांचंही असंच काहीसं म्हणणं असतं, पण ते टक्केवारी देत नाहीत.

काचेचं वागणं याहून रोखठोक. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी साधारण चार टक्के परततो. खिडकीच्या काचेला पृष्ठभाग दोन, म्हणून आठ टक्के. दिवसा, रात्री, आषाढात, वैशाखात, आठच. तरीही परळीहून रात्री निघालेल्या एसटीत खिडकीशी बसलं की बाहेरचा मुलूख नाहीसा होतो आणि काचेत आपलं तोंड उमटतं. काच बदललेली नसते. दिवसा बाहेरून इतका उजेड येतो की आपले आठ टक्के त्यात बुडून जातात. रात्री बाहेर काळोख आणि आत दिवा, म्हणून तेच आठ टक्के राजे होतात. नीट पाहिलं तर तोंडं दोन असतात, एकमेकांपासून किंचित सरकलेली, एक पुढच्या पृष्ठभागाचं आणि एक मागच्या. शेजारचा प्रवासी या आठ टक्क्यांत भांग पाडून घेतो. कंडक्टरनं दिवा मालवला की सगळे जण एकदम बाहेर बघायला लागतात, आणि बाहेर चांदणं असतं.

सूर्यास्ताचंही एक सांगून टाकतो. सूर्याचं खालचं टोक बालाघाटाच्या पठारावर क्षितिजाला टेकलेलं दिसतं, तेव्हा हिशेबानं सबंध सूर्य आधीच क्षितिजाखाली गेलेला असतो. हवेनं वाकवून आणलेला त्याचा प्रकाशच आपण बघत असतो. क्षितिजाशी हे वाकणं चौतीस कलांचं, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडं जास्त, आणि सूर्याची थाळीही जवळपास तेवढीच. आपल्या अक्षांशावर दोन-अडीच मिनिटांचा हा वाढीव दिवस आहे. संध्या करणारे, रोजा सोडणारे आणि कुळवाचं शेवटचं तास उरकून घेणारे, तिघांनाही तो रोज मिळतो. सकाळीही मिळतो, पण तेव्हा कुणी आभार मानायच्या मनःस्थितीत नसतं.

एवढं सगळं मी ज्यासाठी सांगत बसलो ती गोष्ट दसरा-दिवाळीनंतर रस्त्यावर येते. त्या सुमारास आमच्या जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल घेतलेली, ट्रकमध्ये भांडीकुंडी, चूल, शेळी आणि पोरं. सहा-सहा महिने घर बंद. माजलगावपासून कोल्हापूरपर्यंत आणि पलीकडं कर्नाटकात बेळगावपर्यंत कारखान्यांची धुराडी पेटतात आणि रस्त्यावर रात्रंदिवस बैलांच्या टायरगाड्या आणि ट्रॅक्टरच्या दुहेरी ट्रॉल्या सुरू होतात. ट्रॉलीचा मागचा दिवा बहुतेक वेळा नसतोच. असला तर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला. मागून येणाऱ्याला समोर फक्त काळोख दिसतो, तो काळोख ताशी दहा किलोमीटरनं चाललेला असतो आणि त्याच्यात आठ-दहा टन ऊस असतो. या जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा, अशा एका रात्रीची गोष्ट तिथं असतेच.

यावर उपाय म्हणून आपण ज्याला रेडियम म्हणतो ती पट्टी असते. तिला बॅटरी लागत नाही, वायर लागत नाही. तिच्यात अगदी बारीक काचेचे मणी किंवा कोपऱ्याच्या आकाराचे लोलक ओळीनं बसवलेले असतात. लोलकात शिरलेला प्रकाश तीन भिंतींवर तीनदा पूर्ण परततो, आणि गंमत अशी, की तो बराच तिरका आला तरी आल्या वाटेनंच माघारी जातो. साधा आरसा प्रकाश भलतीकडं उडवतो. ही पट्टी ज्याचा उजेड त्याच्याच डोळ्यांत आणून सोडते. इंग्लंडमध्ये पर्सी शॉ यानं १९३४ साली रस्त्यात बसवायच्या चकाकत्या डोळ्यांचं पेटंट घेतलं. त्याला मांजराचे डोळे असं नाव मिळालं, आणि महामार्गाच्या मधल्या रेषेवर रात्री जे ठिपके उजळतात ते त्याच वंशातले. रात्रीच्या प्रवासात डोळ्यासमोर मृगजळासारखं काही चकाकलं आणि ते जवळ जवळ येत गेलं, तर ते खरं आहे असं समजून ब्रेकवर पाय ठेवावा.

बैलांच्या डोळ्यांतही ही सोय आहे. त्यांच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यामागं एक चमकदार थर असतो, आणि समोरून हेडलाइट पडला की जोडीचे चारही डोळे हिरवे-निळे पेटतात. म्हणून टायरगाडी समोरून येत असेल तर आधी बैल दिसतात, मग गाडी. पण बैलांनी पुढचीच बाजू सांभाळली आहे. मागची आपल्याला सांभाळायची आहे.

कारखाने हंगामाच्या सुरुवातीला पट्ट्या वाटतात, आरटीओवाले आणि पोलीस रस्त्यात थांबवून लावतात, फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी पेपरात येतात. पट्टी लागली म्हणजे काम झालं असं सगळ्यांना वाटतं. पंधरा दिवसांत तिच्यावर काळ्या मातीचा, मळीचा आणि पाचटाच्या धुरळ्याचा थर बसतो. आता हा थर अर्धाच उजेड आत सोडतो असं धरा. आत गेलेला अर्धा उजेड परत फिरतो आणि बाहेर पडताना त्याच धुळीतून पुन्हा जातो. तिथं त्याचाही अर्धा राहतो. मागच्या गाडीवाल्याच्या डोळ्यांपर्यंत चौथा हिस्साच पोचतो. धूळ एकदा बसते, पण प्रकाशाकडून दोनदा वसूल करते.

तेव्हा मुकादम, ट्रॅक्टरवाले आणि गाडीवान मंडळींना एवढंच सांगणं: पट्टी नसेल तर लावा, वाढ्यांनी झाकली असेल तर वाढे वर बांधा, आणि रोज संध्याकाळी खोपीवरून निघताना ओल्या फडक्यानं ती एकदा पुसून घ्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि उजेड चौपट होतो.